मनूचे वडील

आपल्या वसईच्या किल्ल्यात चिमाजी अप्पांचं स्मारक आहे. १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई जिंकणारे ते चिमाजी. आज मी बोलणार आहे ते त्याच नावाच्या दुसऱ्या चिमाजींच्या पदरी असलेल्या एका माणसाविषयी. हे चिमाजी दुसऱ्या बाजीरावांचे भाऊ. ३१ डिसेंबर १८०२ रोजी बाजीरावांनी इथंच, वसईत, इंग्रजांशी तह केला. १८१८ मध्ये पेशवाई संपली. बाजीराव बिठूरला गेले, चिमाजी काशीला. काशीत त्यांच्या चाकरीत होते मोरोपंत तांबे, म्हणजे झाशीच्या राणीचे, लहानपणीच्या मनूचे, वडील.

राणीवर पोवाडे झाले, नाटकं झाली. या बापाकडे मात्र आपण नीट पाहिलेलंच नाही. पत्नी भागीरथीबाई वारल्या तेव्हा मनू तीन-चार वर्षांची होती. चिमाजींच्या मागे मोरोपंत लेकीला घेऊन बिठूरला आले. आईवेगळी पोर कुणा नातेवाईक बाईच्या पदरात टाकणं त्या काळी सहज होतं. मोरोपंतांनी तसं केलं नाही. घरात बाईमाणूस नाही, म्हणून पोर सदा बापाबरोबर, पुरुषांच्या बैठकीत. तिथंच ती लिहा-वाचायला, घोड्यावर बसायला, तलवार धरायला शिकली. याला दूरदृष्टी म्हणू नये, असं माझं मत आहे. लेकीला नजरेआड करणं बापाला जमलं नाही, आणि मला तेच फार मोठं वाटतं. १८४२ मध्ये तिचं लग्न झालं, तेव्हा मोरोपंतही झाशीला आले.

ही हकिगत आपल्यापर्यंत आणली ती पेणजवळच्या वरसईच्या विष्णुभट गोडशांनी. १८५८ च्या इंग्रजांच्या वेढ्यात ते झाशीत होते. पायजमा, अंगरखा, पागोटं, कमरेला तलवार अशा वेषात दरबारात येणारी राणी त्यांनी पाहिली. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीशी ती त्यांना पुन्हा भेटली. पठाणी पोशाख, अंगभर धुरळा; अनोळखी माणसाला तो कुणी थकलेला स्वारच वाटला असता. विष्णुभटांनी ओळखलं आणि पाणी काढून द्यायला पुढे झाले. विद्वान ब्राह्मणाकडून ती सेवा घेणं तिला मानवेना. तिनं स्वतः पाणी शेंदलं आणि ओंजळीनं प्यायली. हा प्रसंग वाचताना मला दर वेळी मोरोपंत आठवतात.

झाशी सोडताना मोरोपंत जखमी झाले, पकडले गेले आणि एप्रिल १८५८ मध्ये इंग्रजांनी त्यांना फाशी दिली. जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ लेक पडली.

विष्णुभटांचा हा वृत्तांत, ‘माझा प्रवास’, १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी छापला, तोही बराच फेरफार करून. आपण दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून काढलेली आवृत्ती वाचावी. आणि आपल्या वसई-विरारमध्ये, नालासोपाऱ्याच्या चाळींत, एखादा बाप एकट्यानं मुलगी वाढवत असेल, तर ‘तिला आजोळी ठेव’ असा सल्ला देण्याची घाई करू नका. त्याच्या पाठीशी उभे राहा.