जुनी भारी मोटार घेताना



बैलबाजारात आपण रंगवलेली शिंगे पाहून पैसे मोजत नाही. दात पाहतो, खांदा चाचपतो, चार पावले चालवून बघतो. मोटारीच्या बाबतीत मात्र भलेभले रंगावर भाळतात. रस्त्याला जमीन गेली, मोबदला हाती आला, की घरातला तरुण म्हणतो, “दादा, मर्सिडीज मिळतेय, नव्या लहान गाडीच्या भावात!” अशा वेळी एक खूणगाठ बांधा: जुन्या गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही.

उदाहरणार्थ, मर्सिडीज-बेंझची ‘एस-क्लास’ घ्या. १९९८ साली निघालेल्या आणि २००५ पर्यंत चाललेल्या ‘डब्ल्यू २२०’ या नमुन्याच्या बहुतेक गाड्यांत पोलादी स्प्रिंगांच्या जागी हवेचे रबरी फुगे आहेत. खड्ड्यातून गेली तरी पोटातले पाणी हालत नाही. पण रबर ते रबरच. वर्षे लोटली की ते चिरते, हवा झिरपते आणि रात्रीतून गाडी एका अंगाला बसते. मग हवा भरणारा पंप एकसारखा धावतो आणि शेवटी तोही जळतो. दुखणे एका फुग्याचे, खर्च दोहोंचा!

दुसरे दुखणे गंजाचे. चाकांवरच्या पत्र्याच्या कडा आणि दारांच्या खालच्या बाजू हात फिरवून पाहा. तिसरे, पाच गियरांच्या स्वयंचलित पेटीचे. तिच्या वायरींच्या जोडणीतून तेल पाझरते आणि वायरींतूनच पुढे सरकत गियर सांभाळणाऱ्या विद्युत-पेटीपर्यंत पोहोचते.

मग ही गाडी वाईट का? तसे नव्हे. तिचे सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन दणकट आहे; वेळेवर तेल मिळाले तर पुष्कळ वर्षे साथ देते. मात्र त्याला एका सिलिंडरला दोन, असे बारा प्लग लागतात. बदलताना बाराही बदलावे लागतात, बरं का!

तेव्हा गाडी पाहायला सकाळी, इंजिन सुरू होण्याआधी जा. चारी कोपरे सारख्या उंचीवर आहेत का, ते बघा. दुरुस्तीची जुनी बिले मागा. यंत्र लावून दोष वाचणारा जाणता कारागीर सोबत न्या. त्याची मजुरी वाचवू नका.

शिक्षक बंधुभगिनींनो, गावात कागद वाचायला तुम्हालाच बोलावतात. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून ५ वर्षांसाठी नवी करून घ्यावी लागते. ती झाली आहे का, कर्ज फिटले आहे का, गाडी परराज्यातली असल्यास ना-हरकत दाखला आहे का, हे पाहिल्यावाचून सही होऊ देऊ नका.

आणि घरच्या तरुणाला एवढेच विचारा, “बाबा, गाडी घेण्याचे पैसे आहेत, पहिल्या दुरुस्तीचे आहेत का?” उत्तर ‘होय’ असेल तर खुशाल घ्यावी. नसेल, तर दारात हत्ती बांधून त्याच्या चाऱ्यापायी उरलेले शेत विकण्याची पाळी येईल.