संचय आणि खात्याची निवड

वेतन हाती पडताच, संसारखर्चाच्या आधी, संचयाचा हिस्सा बाजूस काढणे हीच संपत्तीची पायाभरणी होय. मात्र ती रक्कम कोणत्या खात्यात ठेवावी, याचाही विचार अगत्याचा आहे. १८८२ पासून चालत आलेल्या टपाल बचत बँकेत व्याजाची आकारणी दरमहा १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर होते. म्हणजे ११ तारखेस केलेला भरणा त्या महिन्याच्या व्याजास मुकतो. इतर बँकांत व्याज दैनंदिन शिलकेवर मिळते, आणि विमाकृत बँकेतील ठेवीदाराच्या एकूण ठेवींना, व्याजासह, ५ लक्ष रुपयांपर्यंत संरक्षण असते. म्हणून व्याजदर, किमान शिल्लक व विमा यांची चौकशी करूनच खाते उघडावे, आणि रक्कम अल्प असली तरी दरमहा नेमाने भरणा करावा.