दुसऱ्याचा कोड आपल्या पानात

(जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यापैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या संस्थेची, शाळेची, नाहीतर बचत गटाची वेबसाइट सांभाळता, असं मला सांगण्यात आलंय. पगार नाही, वेळ नाही, आणि 'तुला कॉम्प्युटरचं कळतं ना, मग तूच बघ' एवढीच नेमणूक. मीही त्यातलाच. फरक इतकाच, की माझं पोट याच धंद्यावर चालतं. त्यामुळे चूक झाली तेव्हा 'मला काय माहीत' म्हणायची सोय मला नव्हती.

ती चूक आधी सांगतो.

नोकरीसाठी पुण्यात गेलेल्या आम्ही काही मित्रांनी या दोन तालुक्यांतल्या दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींच्या फीला हातभार लावायचं ठरवलं. मोठं काही नाही, आपापल्या पगारातून. त्यासाठी एक छोटी वेबसाइट केली आणि तिच्यावर अर्ज ठेवला. अर्जाचे दोन भाग होते. वरच्या भागात नाव, गाव, शाळा, मार्क. खालच्या भागात मोबाइल नंबर, पालकांचं नाव आणि बँक खातं. पुढं कुणीतरी सुचवलं, की पान बघणाऱ्यांपैकी काही जण पैसेही देतील, तर देणगीचं बटण टाक. ऑनलाइन पैसे घेणाऱ्या एका कंपनीनं सात-आठ ओळींचा कोड दिला. अर्जाच्या दोन भागांच्या मधे जागा मोकळी दिसली, तिथं मी तो चिकटवला. बटण झकास दिसलं. मी स्वतः एक खोटा अर्ज भरून पाहिला, 'तुमचा अर्ज मिळाला' असं उत्तर आलं. मी लॅपटॉप मिटला.

तीन आठवड्यांनी आमच्यातल्या एकीचा फोन आला, "दादा, अर्ज आलेत, पण एकाचाही नंबर नाहीये."

नंबर नव्हते, पालकांची नावं नव्हती, खाती नव्हती. वरचा भाग सगळा होता, खालचा सगळा गायब. मुलांनी भरलं नव्हतं असं नाही. भरलेलं आमच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

झालं काय होतं ते नीट समजून घ्या, कारण हे तुमच्याकडंही होऊ शकतं. कंपनीच्या कोडच्या सुरुवातीला आणि शेवटी स्वतःचा फॉर्म टॅग होता. म्हणजे माझ्या फॉर्मच्या पोटात मी दुसरा फॉर्म घातला होता. एचटीएमएलमध्ये हे चालत नाही. फॉर्मच्या आत फॉर्म उघडणारा टॅग दिसला की ब्राउझर त्याच्याकडं दुर्लक्ष करतो. पण बंद करणारा टॅग आला की तो मानतो! त्या टॅगनं बंद कोण झालं? माझा फॉर्म. म्हणजे देणगीच्या बटणाखालचे सगळे रकाने फॉर्मच्या बाहेर पडले. डोळ्यांना काहीच कळलं नाही, कारण दिसायला ते होते तिथंच होते. 'पाठवा' हे बटणही बाहेर गेलं होतं. पण ते माझ्या स्क्रिप्टवर चालायचं, आणि स्क्रिप्ट इमानेइतबारे फॉर्म पाठवत राहिली, जेवढा उरला होता तेवढा. मोबाइल नंबर सक्तीचा केला होता. तीही सक्ती गेली, कारण स्क्रिप्टनं थेट पाठवलं की ब्राउझर रकाने तपासत बसत नाही.

गंमत बघा, सगळे रकाने मी एकाच मोठ्या डिव्हच्या पोटात ठेवले असते, तर हाच चुकीचा कोड बिनबोभाट चालला असता. म्हणून 'माझ्याकडं तर चालतंय' या वाक्यावर माझा आता विश्वास नाही.

ब्राउझर असं का करतो? आपल्याकडच्या जुन्या पोस्टमनसारखा आहे तो. पाकिटावर 'मशिदीमागं, पिंपळाजवळ' एवढंच असलं तरी तो पत्र पोचवतो. वेबच्या सुरुवातीपासून लोकांनी चुकीचं एचटीएमएल लिहिलं आणि ब्राउझरांनी ते समजून घेतलं. 2000 साली एक्सएचटीएमएल आलं. त्याचा आग्रह असा, की एक जरी टॅग चुकला तरी पान दाखवायचंच नाही. लोकांना ते झेपलं नाही. मग एचटीएमएल 5 मध्ये, जे 2014 साली अधिकृत शिफारस झालं, उलटी वाट धरली. कोणती चूक झाली तर ब्राउझरनं नेमकं काय करायचं, हे नियमातच लिहून टाकलं. त्यामुळे सगळे ब्राउझर आता एकसारखा अंदाज करतात. पण तो अंदाज नियमाप्रमाणे बरोबर असतो, तुमच्या मनातलं त्याला कळत नाही.

आता मला जास्त टोचणारी गोष्ट. मी ते पान तपासलं नव्हतं असं नाही. डब्ल्यू थ्री सी ही वेबचे नियम ठरवणारी संस्था, तिचा फुकट व्हॅलिडेटर आहे. पत्ता दिला की पानातल्या चुकांची यादी देतो. ते मी केलं होतं. यादीत पन्नासच्या वर ओळी होत्या. व्हिडिओच्या आयफ्रेममध्ये फ्रेमची कडा लपवणारं जुनं अॅट्रिब्यूट, ते आता बाद झालंय. नकाशाची रुंदी टक्क्यांत लिहिलेली, तिथं नुसता आकडा लागतो. दुव्यांमधली उघडी & चिन्हं. सगळं दुसऱ्यांच्या कोडमधलं, आणि जवळजवळ सगळं निरुपद्रवी. मी वरवर नजर फिरवली आणि 'हे नेहमीचंच' म्हणून खिडकी बंद केली. 'फॉर्मच्या आत फॉर्म चालत नाही, टॅगकडं दुर्लक्ष करतोय' ही ओळ त्याच यादीत होती. नंतर गेलो तेव्हा सापडली.

खोडदची जीएमआरटी तुमच्यातल्या पुष्कळांनी शाळेच्या सहलीत पाहिली असेल. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, साधारण 25 किलोमीटरच्या परिसरात. ही जागा निवडण्यामागं एक कारण असं, की इथं माणसांनी केलेला रेडिओ गोंगाट कमी होता. आकाशातला सिग्नल इतका क्षीण, की शेजारचा गोंगाट वाढला तर तो ऐकूच येणार नाही. व्हॅलिडेटरची यादी मी तेव्हापासून तशी बघतो. कडा लपवणारं अॅट्रिब्यूट राहिलं म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. तरी मी ते काढतो आणि तेच काम सीएसएसमध्ये करतो. यादी रिकामी असली, की नवी आलेली एक ओळ लगेच दिसते.

कुणी म्हणेल, अपंगांसाठीचे जे जागतिक निकष आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यांनी 2023 च्या आवृत्तीत 'मार्कअप निर्दोष हवं' ही अट काढून टाकलीय, मग तू कशाला अडून बसतोस? अट काढली हे खरं. पण ज्या चुकांनी अंध वाचकाचं अडतं, त्या बाकीच्या निकषांत येतातच. उदाहरण घ्या. तुमच्या रकान्याचा आयडी 'मोबाइल', आणि चिकटवलेल्या चॅटच्या खिडकीतल्या रकान्याचाही 'मोबाइल'. पानात जो आधी येईल त्याला लेबल जोडलं जातं. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या मुलीला एका रकान्यावर नाव ऐकू येतं, दुसऱ्यावर नुसतं 'एडिट'. ती काय भरणार? म्हणून तुमच्या सगळ्या आयडींना स्वतःचा उपसर्ग लावा. घराण्याचं नाव लावतो तसं.

उघड्या & बद्दलही सांगतो, कारण 'निरुपद्रवी' म्हणालो ते अर्धंच खरं. अॅट्रिब्यूटमध्ये ते बहुतेकदा सांभाळलं जातं. पण आम्ही देणगीचा दुवा लोकांना कॉपी करता यावा म्हणून मजकुरातही छापला होता. त्यात &-नंतर इंग्रजी 'करन्सी' हा शब्द होता. त्यातली पहिली सहा अक्षरं म्हणजे ¤ या चिन्हाचं नाव, असं ब्राउझर समजतो. म्हणून तिथं ¤ छापलं गेलं आणि पुढं शब्दाची शेवटची दोन अक्षरं उरली. दुवा मोडला.

उर्दू आणि मराठी एकाच पानावर ठेवणाऱ्यांसाठी एक. उर्दू मजकुराला भाषेचं आणि उजवीकडून डावीकडं असं दिशेचं अॅट्रिब्यूट द्यावंच लागतं. पण दुसरीकडून आणलेल्या तुकड्यात असं डिव्ह उघडलेलं असेल आणि बंद करायचं राहिलं असेल, तर त्याच्या खालचा तुमचा सगळा मराठी मजकूर उजव्या कडेला जाऊन बसतो.

आता रेंजचा विषय. हिंजवडीत बसून केलेलं पान डिंभे धरणाच्या वर, आहुप्याच्या बाजूला उघडून बघा. काही जुने तुकडे पान बनत असतानाच मधे थांबून 'डॉक्युमेंट राइट' नावाच्या जुन्या पद्धतीनं दुसरी स्क्रिप्ट आत ओततात. 2016 च्या अखेरीपासून क्रोम 2जी जोडणीवर अशी परकी स्क्रिप्ट आणायलाच नकार देऊ शकतो. म्हणजे तुमचं बटण पुण्यात आहे आणि तिकडच्या मुलासाठी नाही. अशा कोडला दुसरा पर्याय त्या कंपनीकडं मागा. नसेल तर तो तुकडा घेऊ नका.

आणि कोड नियमात बसला म्हणजे तो भरवशाचा, असंही नाही. 11 फेब्रुवारी 2018 ला ब्राउझअलाउड नावाची, मजकूर वाचून दाखवणारी स्क्रिप्ट कुणीतरी फोडली आणि तिच्यात दुसऱ्याच्या संगणकावर आभासी नाणी तयार करणारा कोड घातला. चार हजारांहून जास्त वेबसाइटवर तो चालला. त्यांत ब्रिटनच्या माहिती संरक्षण आयुक्तांची वेबसाइटही होती. त्या सगळ्यांनी चांगल्याच हेतूनं ती ओळ चिकटवली होती. फाइल बदलली तर ब्राउझरनं ती चालवू नये, यासाठी 'इंटिग्रिटी' नावाचं अॅट्रिब्यूट आहे. पण पैसे घेणाऱ्या कंपन्या त्यांची फाइल सारखी बदलतात, तिथं ते टिकत नाही. तिथं एकच उपाय, तो कोड वेगळ्या पानावर ठेवायचा.

आपल्या चळवळीच्या कामात तर हे फार जपायला हवं. तलाक, पोटगी, घरातली मारहाण, यांबद्दल बाई जिथं माहिती वाचते किंवा प्रश्न लिहिते, त्या पानावर मी दुसऱ्याचा एकही कोड ठेवत नाही. लाइकचं बटण नाही, चॅट नाही, भेटी मोजणारी स्क्रिप्ट नाही. ती बाई त्या पानावर आली होती ही बातमी त्या बटणाच्या मालकाला आपणच कळवत असतो, तिनं बटण दाबलं नाही तरी. व्हिडिओ दाखवायचाच असेल तर साधा दुवा द्या, तिला हवं तर ती जाईल.

जिथं घ्यावंच लागतं तिथं शक्यतो आयफ्रेम. तिच्या आतलं पान वेगळं असतं, आतली चूक बाहेर सांडत नाही. तिला टायटल द्या, 'शाळेचा नकाशा' असं, म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं आत काय आहे. चिकटवण्याआधी एकदा तपासा, चिकटवल्यावर पुन्हा. आणि लक्षात ठेवा, व्हॅलिडेटर पत्ता घेऊन मूळ मजकूर बघतो. स्क्रिप्टनं मागाहून जे घातलं ते त्याला दिसत नाही. त्यासाठी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये जाऊन तयार झालेलं पूर्ण पान कॉपी करायचं आणि ते तिथं पेस्ट करायचं. आयडीची टक्कर बहुतेकदा अशीच सापडते.

त्या मुलांचं काय झालं, हे विचारणार तुम्ही. अर्जात गाव आणि शाळा होती. दोन शनिवार-रविवार आम्ही मोटारसायकलवर फिरलो. मंचर, घोडेगाव, ओतूर, नारायणगाव. शिक्षकांनी खूप मदत केली. एका सरांनी तर हजेरीपट घेऊन शेजारच्या वाडीपर्यंत सोबत केली. जवळजवळ सगळी मुलं सापडली. दोघींचा पत्ता लागला नाही. एकीचं कुटुंब कामासाठी दुसरीकडं गेलं होतं, आणि दुसरीनं शाळेचं नाव अर्धवट लिहिलं होतं. त्यांनी मोबाइल नंबर नक्की भरला असणार.

देणगीचं बटण आता 'मदत करा' या वेगळ्या पानावर आहे. अर्जाच्या पानावर दुसऱ्याचं काही नाही. आणि मी चाचणीचा अर्ज भरतो तेव्हा 'मिळाला' या उत्तरावर थांबत नाही, पलीकडं जाऊन सगळे रकाने आलेत का ते मोजतो.

चला, लॅपटॉप उघडा. ज्यांनी आपापल्या साइटचा पत्ता लिहून आणलाय त्यांनी पुढं या. आधी ज्या पानावर अर्ज आहे ते घेऊ.