कुर्डुवाडी : दोन रुळांमधलें गांव

सोलापुराहून मुंबईच्या वाटेनें निघालेला उतारू कुर्डुवाडीच्या फलाटावर येतो, चहाचा एक पेला घेतो आणि पुढें जातो. बहुतेकांचा या गांवाशीं परिचय एवढाच. फलाटापलीकडे वस्ती आहे, तेथें माणसें जन्मतात, शाळेंत जातात, दुकानें मांडतात, हें ध्यानांत यावें इतका वेळ गाडी थांबत नाहीं. तथापि भूगोलाच्या अभ्यासकानें येथें अवश्य उतरावें. गांवें वसतात तीं नदीमुळें, पेठेमुळें, किल्ल्यामुळें किंवा देवस्थानामुळें. कुर्डुवाडीला यांपैकीं कांहींच लाभलेलें नव्हतें. हें गांव वाढलें तें दोन प्रकारच्या रुळांच्या रुंदींतील फरकामुळें.

माढें तालुक्याचा नकाशा पाहिला तर पश्चिमेच्या अंगास भीमा आणि पूर्वेच्या अंगास सीना वाहतांना दिसते. या दोहोंच्या मधल्या उंचवट्यावर, समुद्रसपाटीपासून सोळा-सतराशे फुटांवर, कुर्डुवाडी आहे. पाऊस वर्षाकाठीं वीस इंचांच्या आसपास, आणि तोहि लहरी. नद्यांच्या कांठीं काळी जमीन व शाळूचें पीक. उंचवट्यावर मात्र मुरूम व हलकी माती. जुन्या काळच्या शहाण्या कुणब्यानें घर बांधण्यासाठीं ही जागा निवडली नसती. जवळच कुर्डू नांवाचें जुनें गांव आहे. त्याचीच ही वाडी.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० सालीं सोलापुरास पोहोंचली. वाटेंत या माळावर जें स्टेशन झालें त्याला वाडीचें नांवहि मिळालें नाहीं. त्याला म्हणत ‘बार्शी रोड’. बार्शी ही कापसाची मोठी पेठ. ती येथून पूर्वेस एकवीस मैलांवर राहिली होती आणि माल बैलगाड्यांनीं आणावा लागे. दुसऱ्याच्या नांवानें ओळखलें जाण्याचें नशीब कांहीं स्टेशनांच्या कपाळीं असतें, त्यांतलें हें एक.

पुढें एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नांवाच्या इंग्रज इंजिनियरानें ही उणीव हेरली. १८९५ सालीं बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ सालीं बार्शीची गाडी सुरू झाली. मोठ्या रेल्वेचे रूळ साडेपांच फुटांचे, हिचे अवघे अडीच फुटांचे. लहान गाडी म्हणजे खेळणें अशी त्या वेळीं पुष्कळांची समजूत होती. कॅल्थ्रॉपनें हिशेब निराळाच मांडला. कोणत्याहि आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं, मात्र इंजिनापासून वाघिणीपर्यंत प्रत्येक वाहन त्या मर्यादेपर्यंत भरेल असेंच बांधावयाचें. त्यामुळें हलक्या रुळांवरून भरपूर माल जाऊं लागला आणि बार्शीची ही गाडी जगांतील अरुंद रेल्वेगाड्यांस कित्ता ठरली. (याच गृहस्थानें पुढें पहिल्या महायुद्धाच्या काळांत वैमानिकांसाठीं हवाई छत्री तयार केली. माढ्याच्या माळावरून निघालेली बुद्धि कोठें जाऊन पोहोंचेल, याचा नेम नसतो.)

ही गाडी १९०६ सालीं पंढरपुरास, १९११ सालीं लातुरास आणि १९२७ सालीं मिरजेस गेली. एकंदर रूळ दोनशे मैलांवर झाले आणि त्यांच्या मधोमध कुर्डुवाडी आली. साडेपांच फुटांच्या रुळांवरची वाघीण अडीच फुटांच्या रुळांवर चालत नाहीं. म्हणून लातूरचें धान्य असो, बार्शीचा कापूस असो कीं मुंबईचें कापड असो, प्रत्येक पोतें आणि प्रत्येक गांठ येथें उतरवून दुसऱ्या गाडींत चढवावी लागे. पोत्यामागें हमाल आला, हमालामागें मुकादम आला, मुकादमामागें खानावळ आली. गुदामें, मालधक्के, सांधेवाले, फिटर, गाडी चुकलेले उतारू आणि त्यांना रात्रभर चहा पाजणारे दुकानदार, असा हा पसारा वाढत गेला. आषाढी-कार्तिकीस तर मुंबईकडून व मद्रासकडून येणारा वारकरी येथेंच गाडी बदली. लहान गाडीचे डबे भरले कीं लोक टपावर बसत.

ज्या अडचणीला व्यापारी शिव्या देत, तिच्यावरच या गांवाची चूल पेटत होती.

लोकसंख्येचा विचार या दृष्टीनें करावा. २००१ सालच्या शिरगणतींत कुर्डुवाडीची वस्ती बावीस हजारांवर भरली. २०११ सालीं सोलापूर शहराची संख्या साडेनऊ लाखांपुढें होती. म्हणजे एका सोलापुरांत चाळीसांवर कुर्डुवाड्या सहज मावतील. तरीहि तालुक्याचें ठाणें जें माढें, त्याला नगरपंचायत बऱ्याच उशिरां लाभली. नगरपालिका आधीं आली ती कुर्डुवाडीला. ठाण्याचा मान एका गांवाचा आणि वर्दळ दुसऱ्याची, हा प्रकार रेल्वेनें पुष्कळ ठिकाणीं घडविला आहे.

रेल्वेनें वसविलेल्या गांवाचें पुढें काय होतें, याचें टोकाचें उदाहरण अमेरिकेंत सांपडतें. नेब्रास्का संस्थानांत मोनोवाय नांवाचें खेडें आहे. रेल्वे तिकडे आली तेव्हां, १९०२ च्या सुमारास, तें वसलें. १९३० नंतरच्या दशकांत तेथें दीडशेंपर्यंत माणसें होतीं. पुढें शेतीचें मान बदललें, तरुण मंडळी शहरांकडे गेली, गाडीहि गेली. २०१० च्या शिरगणतींत तेथील लोकसंख्या एक भरली. गांवचा कारभार, खानावळ आणि लहानसें ग्रंथालय हीं तिन्ही एकाच बाईकडे होतीं.

कुर्डुवाडीची कसोटी निराळ्या रीतीनें आली. बार्शी लाइट रेल्वे १९५४ सालीं सरकारनें घेतली, आणि नव्या शतकाच्या आरंभीं अडीच फुटांचे रूळ काढून त्या जागीं मोठे रूळ पडूं लागले. पंढरपूरची बाजू आधीं, लातूरची २००८ पर्यंत, मिरजेची त्यानंतर. जो फरक गांवाला पोशीत होता तोच नाहींसा झाला. लातूरचा उतारू आतां झोपेंतच कुर्डुवाडी ओलांडतो. मालधक्क्यावरचें पूर्वीचें काम गेलें तें परत आलें नाहीं, आणि ज्यांच्या दोन पिढ्या पोतीं वाहण्यांत गेल्या त्यांना या सुधारणेचें कौतुक वाटावें अशी अपेक्षा करणें योग्य नव्हे.

गांव मात्र ओस पडलें नाहीं. भीमेवर उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें होतें. त्याच्या पाण्यानें तालुक्यांत ऊस आला आणि उसाबरोबर बाजार आला. रेल्वेचा कारखानाहि टिकला. अडीच फुटांचे रूळ दारांतून गेले, तरी माथेरानच्या दोन फुटी गाडीचे डबे दुरुस्तीसाठीं याच कारखान्यांत येत राहिले. लहान गाडीचें मर्म जाणणारे हात येथें होते, हेंच त्याचें कारण.

२०१६ च्या एप्रिल महिन्यांत लातूर शहर पाण्यावांचून तळमळत होतें. तेव्हां मिरजेहून पाण्याची आगगाडी निघाली. पहिल्या खेपेस दहा वाघिणी, प्रत्येकींत सुमारें पन्नास हजार लिटर पाणी. ती पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी या जुन्या बार्शी लाइटच्याच वाटेनें १२ एप्रिल रोजीं लातुरास पोहोंचली. मार्ग सबंध मोठ्या रुळांचा झालेला असल्यामुळें कुर्डुवाडीच्या हमालांना त्यांतला एक थेंबहि उतरवावा लागला नाहीं.