दोष एकट्या ठेच्याचा नाही



कळण्याची भाकरी, ठेचा आणि वांग्याचे भरीत हा आपल्या जळगाव-धुळ्याचा पिढीजात आहार. आजोबा तो खाऊन शेतात राबत, दिवेलागणीला जेवत आणि लवकर निजत. आज नातवाला तोच ठेचा जळजळतो. दोष एकट्या ठेच्याचा नाही.

हितकर अन्न मापात घेतले तरी चिंता, शोक, भय, क्रोध व जागरण यांमुळे ते पचत नाही, असे चरकसंहितेचे विमानस्थान सांगते. आधुनिक वैद्यकाचेही म्हणणे हेच : मनावर ताण आला की जठर उशिरा रिकामे होते, आतड्यांची हालचाल बिघडते.

आपण कार्यकर्तेही अपवाद नाही. बैठकीत चहावर चहा, रात्री अकराला जेवण आणि लगेच अंथरूण! घरोघरी तर ताटावरच मुलांच्या गुणांची उलटतपासणी चालते.

म्हणून संकल्प करू या. निजण्यापूर्वी दोन-तीन तास, सर्वांनी एकत्र, श्लोक म्हणून शांतपणे जेवावे. नंतर शतपावली करावी. तरीही त्रास टिकला, वजन घटले वा शौचातून रक्त गेले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवावे. समाजकार्याला सुदृढ देह लागतो. त्याचा आरंभ आपल्या पंगतीतून होवो.