दापोलीत आपलं स्वागत असो

दूरदूरहून आलेले कृषिशास्त्रज्ञ आणि शेतकरी बंधू-भगिनींनो,

भाताच्या जमिनीत स्फुरद असूनही तो रोपाला का मिळत नाही, आणि बायोचार व उपकारक बुरशी यांनी तो कसा मोकळा करावा, याचा विचार करायला आपण दापोलीत आलात. स्वागत समितीच्या वतीनं आपलं मनःपूर्वक स्वागत.

कृषी विद्यापीठ इथं १९७२ साली झालं, हे आपण जाणताच. पण या गावात माणसांची मशागत त्याच्या फार आधीपासून चालू आहे. आमचं ए. जी. हायस्कूल बघितल्याशिवाय कृपया कुणी जाऊ नका. पूर्वीची ही मिशनची शाळा. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे भारतरत्न पां. वा. काणे इथले विद्यार्थी. पालगडचे साने गुरुजीही इथलेच. शेजारच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे तर सहावीच्या परीक्षेसाठी कुंभार्ली घाटातून पायी साताऱ्याला गेले, आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. हे सांगताना आजही माझा गळा दाटतो. मुर्डीचे र. पु. परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय. त्यांचं नाव आज आमच्याच मुलांना ठाऊक नाही, याची खंत वाटते.

आता विषयाकडे येतो. माझी भातगिरणी आहे. आमच्या जांभ्या मातीतलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात, हे विद्यापीठातल्या मंडळींनी मला समजावलं. आमचे वाडवडील राब भाजून रोपं करीत. त्यात पालापाचोळा जळून राख व्हायची. आपण कमी हवेत भाजून कोळसा, म्हणजेच बायोचार, राखता, आणि गिरणीतलं तूसही त्या कामी येतं, हे ऐकल्यापासून तुसाच्या ढिगाकडे मी वेगळ्या नजरेनं बघतो.

व्यवस्थेत उणिवा राहिल्या आहेत. अवकाळी पावसानं मांडव भिजला, काहींना एका खोलीत चौघं राहावं लागतंय, आणि पहाटे गरम पाणी पुरलं नाही. त्याबद्दल हात जोडून क्षमा मागतो. बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी दिली, हर्णैच्या कोळी बांधवांनी मासळी पाठवली, बागायतदारांनी नारळ आणि आमसुलं दिली. बचत गटाच्या भगिनी तीन रात्री भाकऱ्यांच्या पिठात आहेत. ज्यांनी नाव न सांगता तांदळाची पोती आणून ठेवली, त्यांनाही माझा नमस्कार.

उद्या सकाळी सात वाजता शिवारफेरीची गाडी शाळेच्या फाटकातून निघेल. पंधरा मिनिटं आधी आलात, तर शाळा मी स्वतः दाखवीन.