पोळ्याच्या करीचा जन्म
(बुलढाणा येथील शारदीय व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



दसरा तोंडावर आला आहे. आपल्या घरांत आवराआवर चालली आहे, आणि नेमकं याच दिवसांत लोणार, सिंदखेडराजाकडच्या काही वस्त्यांवर भांडीकुंडी पोत्यांत भरली जात आहेत. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला आता कोयता ऊसतोडीला निघेल. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्या हिशेबात मूल धरलेलं नसतं. ते गाडीत बोचक्यांच्या मधे बसून जातं आणि पुढचे पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत राहतं. वीटभट्टीवरचं मूल असंच. फासेपारध्यांच्या, नाथजोग्यांच्या पालावरचं मूल असंच. शेगाव किंवा मलकापूरच्या फलाटावर एकटंच उतरलेलं पोर तर त्याहून एकटं.

मी शिक्षक होतो. 2014 च्या डिसेंबरात भट्टीवरची एक बाई मुलीला घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. मुलीच्या कडेवर धाकटा भाऊ, केसांत विटांची लाल धूळ. मी दाखला मागितला. नव्हता. जन्मतारीख विचारली. बाई म्हणाली, "पोळ्याच्या करीले झाली, सर. त्या साली नदीले लय पूर आला होता." पिशवीतून तिनं लसीकरणाचं कार्ड काढलं, पावसात भिजून त्यावरची शाई पसरलेली. मी म्हणालो, आधी गावाकडून दाखला आणा. ती काही न बोलता वळली. दोन दिवसांनी मला राहवेना म्हणून भट्टीवर गेलो, तर ते कुटुंब दुसरीकडे गेलेलं.

त्या दिवशी शिक्षण हक्क कायदा लागू होऊन साडेचार वर्षं झाली होती. 1 एप्रिल 2010 पासून तो लागू आहे. त्याचं कलम 14 सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जन्मदाखला नसेल तर अंगणवाडीची नोंद चालते, पालकानं वयाबद्दल लिहून दिलेलं चालतं. म्हणजे पोळ्याची करही चालली असती! मी ती कागदावर उतरवून घ्यायची होती, एवढंच. कलम 5 सांगतं, जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून मुलाला थांबवायचं नाही. कलम 15 प्रमाणे वर्षाच्या मधेच आलेल्या मुलालाही घ्यायचं. कलम 4 प्रमाणे त्याला वयानुरूप वर्गात बसवायचं, मागे पडलेलं शिकवायला विशेष प्रशिक्षण द्यायचं. आणि असं उशिरा आलेलं मूल चौदा वर्षांचं झालं तरी आठवी पूर्ण होईपर्यंत त्याचं शिक्षण मोफतच. आधारचंही तेच. 26 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही.

माझ्या मते या कायद्यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य कलम 9 मध्ये आहे. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांचा प्रवेश होईल हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषदेवर, नगरपालिकेवर टाकली आहे. मूल आज रात्री जिथं झोपतं, तिथल्या लोकांनी त्याला शोधायचं. आईनं दारोदार फिरायचं नाही. अमेरिकेत 1987 च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्यानं बेघर मुलांसाठी हाच विचार केला. तिथं मुलाला आधी वर्गात बसवतात आणि कागद शाळा मागाहून मागवते. शिवाय अशा मुलांचा पाठपुरावा करायला प्रत्येक शाळा-जिल्ह्यात एक माणूस नेमलेला असतो. आपल्याकडे असं काम काही शिक्षक 'बालरक्षक' म्हणून करतात, पुष्कळदा पदरमोड करून. त्यांना माझा नमस्कार.

एकट्या सापडलेल्या मुलासाठी 1098 या बाल हेल्पलाइनवर फोन करा. बालकल्याण समितीपुढे त्याला नेलं की निवारा आणि शाळा, दोन्हींची सोय तिनं बघायची असते.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं मागं राहावीत म्हणून शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृह चालवता येतं. मूल गावातच राहतं, जेवतं, शिकतं. पण ते दिवाळीनंतर सुरू झालं तर काय उपयोग? टोळ्या तोवर गेलेल्या असतात. आणि जे मूल जाणारच आहे, त्याच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेला त्याची इयत्ता कळेल.

इथं शिक्षक बसले आहेत, सरपंच बसले आहेत. उद्या हजेरीपट उघडा आणि यंदा कुणाकुणाच्या घरी उचल आली आहे ते पोरांनाच विचारा. त्यांना सगळं ठाऊक असतं. ती नावं वेगळी लिहून काढा आणि संध्याकाळी त्या घरी जा. गाड्या अजून भरलेल्या नाहीत.